जोयडा तालुक्यातील सिद्दी माता आणि तिचा आधार

'सिद्दी' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जंजिऱ्याचा जलदुर्ग उभा राहतो. शाळेत आपण शिकलेला सिद्दी हा आरमाराचा धनी आणि तोफांचा मालक. त्याच्या जोडीला आठवतो तो निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. आफ्रिकेत जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे दख्खनच्या राजकारणाचा सूत्रधार झाला व १६२६ साली वारला. परंतु आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानात राहणारा सिद्दी इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच भेटतो. आणि त्या घरातील गरोदर स्त्री, जी सातव्या महिन्यातही सरपणाचा भारा डोक्यावरून आणते, ती तर कोणत्याच पुस्तकात भेटत नाही. प्रस्तुत लेख तिच्याविषयी आहे.

मी याच तालुक्यात वाढले. घरी मराठी, बाजारात कोंकणी आणि शाळेत व कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत आमचे दिवस जातात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने, आणि पुढे केवळ शेजारधर्म म्हणून, काही सिद्दी बायकांबरोबर दवाखान्यात, अंगणवाडीत व नाडकचेरीत जाण्याचे प्रसंग मला आले. त्या अनुभवावरून व थोड्याफार वाचनावरून एक गोष्ट मला पटली आहे. मातेसाठी योजना पुष्कळ आहेत. परंतु योजना आणि माता यांच्यामध्ये जे अंतर उरते ते केवळ पैशाने भरून निघत नाही. तिच्या भाषेत बोलणारे, तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारे आणि तिच्याबरोबर चालणारे माणूसच ते भरून काढते. हा विचार पुढे क्रमाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हे लोक कोण?

पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्याच्या बंदरात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिकच्या बाजूने, गुलाम आणले जात. त्यांतील काही पळून घाट चढून आले आणि या बाजूच्या जंगलात राहिले. विजापूरच्या आदिलशाहीत हबशी सरदार व सैनिक होते. त्यांच्यापैकी काहींचे वंशजही या समाजात मिसळले असावेत असे अभ्यासक मानतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत सिद्दींचे नाते आफ्रिकेतील बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशी जुळत असल्याचे आढळून आले. त्याचबरोबर त्यांच्यात भारतीय रक्ताचाही अंश स्पष्ट दिसतो.

आज हा समाज हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड, शिरसी आणि जोयडा या तालुक्यांत विखुरलेला आहे. हल्याळ व यल्लापूरच्या मानाने जोयड्यात त्यांची घरे थोडी. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि मुसलमानही आहेत. परंतु पूर्वजांना, म्हणजे 'हिरियारूं'ना, मान देण्याची रीत तिन्ही धर्मांच्या घरांत आढळते. बोली मात्र बहुतेकांची एकच, म्हणजे मराठी व कन्नड शब्दांची सरमिसळ असलेली कोंकणी. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना तो २०२० सालच्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे जोयड्याची हद्द ओलांडून खानापूर तालुक्यात राहणारी सख्खी बहीण या मधल्या सतरा वर्षांत कायद्याने 'आदिवासी' नव्हती, आणि अलीकडे राहणारी होती! शांताराम सिद्दी यांची २०२० साली कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नियुक्ती झाली. या समाजातून तेथे पोहोचलेले ते पहिलेच सदस्य होत.

तालुक्याचा भूगोल आणि बाळंतपण

पूर्वी हा तालुका सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. क्षेत्रफळाने हा तालुका मोठा, परंतु लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास. उरलेले सारे रान. अणशी राष्ट्रीय उद्यान व दांडेली अभयारण्य मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ साली त्याला काळी व्याघ्र प्रकल्प असे नाव देण्यात आले. कुणबी, गवळी, मराठे व सिद्दी अशा सर्वांचीच घरे या रानात तुरळक वस्त्यांनी विखुरलेली आहेत.

अशा मुलखात 'दवाखाना किती लांब?' या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये देऊन भागत नाही. जानेवारीत जी वाट तासाभराची, तीच जुलैमध्ये ओढ्याला पूर आल्यामुळे दिवसभर बंद असते. घाटात दरड कोसळली की कारवारचा रस्ता तुटतो. मोठ्या उपचारासाठी कारवार, हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागते. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ सालापासून आहे. परंतु गाडी येते ती रस्त्यापर्यंत, आणि तिला बोलाविण्यासाठी आधी फोनला रेंज मिळावी लागते. म्हणून आमच्याकडे बाळंतपणाची तारीख पावसाळ्यात येते की उन्हाळ्यात येते, हा वैद्यकीय महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

आकड्यांत न मावणारा समाज

मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. २०१८ ते २०२० या काळात भारतासाठी हे प्रमाण ९७ होते, तर कर्नाटकासाठी ६९. हे आकडे पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरलेले आहेत आणि त्याबद्दल समाधान वाटावयास हरकत नाही.

परंतु येथे थोडे गणित करून पाहावे. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात अनुसूचित जमाती म्हणून नोंदलेले सिद्दी दहा हजारांहून थोडे अधिक होते. हजारी वीस जन्म धरले, तर सबंध समाजात वर्षाला सुमारे दोनशे मुले जन्मास येतील. या हिशेबाने एक लाख जन्म पूर्ण होण्यास पाचशे वर्षे लागतील! याचा अर्थ असा की, एखाद्या वर्षी या समाजातील दोन माता दगावल्या तरी राज्याच्या सरासरीत तो आकडा कोठेच दिसणार नाही. लहान समाजाची काळजी सरासरी पाहून घेता येत नाही. ती नावानिशी, घर मोजून घ्यावी लागते. अमुक वस्तीवर आज किती गरोदर स्त्रिया आहेत आणि कोणाची तारीख पावसाळ्यात आहे, एवढी यादी ज्याच्यापाशी असेल त्याच्यापाशीच खरी आकडेवारी आहे.

दूरच्या भगिनींचा अनुभव

आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज केवळ आपल्याच रानात नाहीत. अमेरिकेत त्यांची संख्या कोट्यवधी आहे आणि तेथील मातांच्या प्रश्नाचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. तो आपल्याला उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे थोडक्यात देत आहे.

२०२३ साली अमेरिकेत मातामृत्यूचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांत लाखामागे १४.५ होते, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३. म्हणजे तिपटीहून अधिक. कोणी म्हणेल, हा गरिबीचा व अशिक्षितपणाचा परिणाम असेल. परंतु तेथील सरकारी आरोग्य खात्याने २०१९ साली दाखवून दिले की, महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांतील असे मृत्यू शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक आहेत. तेव्हा शिक्षण व पैसा यांखेरीज आणखी काहीतरी येथे आडवे येत असले पाहिजे.

ते काय असावे, याचे एक उदाहरण टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिने स्वतःच जगापुढे मांडले. सप्टेंबर २०१७ मध्ये शस्त्रक्रियेने तिला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास कोंडू लागला. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास तिला पूर्वी झालेला असल्यामुळे काय होत आहे हे तिने ओळखले आणि अमुक तपासणी करा असे सांगितले. औषधाच्या गुंगीत ती काहीतरी बोलत असावी, असे परिचारिकेला प्रथम वाटले. सेरेनाने हट्ट सोडला नाही. शेवटी तपासणी झाली आणि गुठळ्या सापडल्या. जगप्रसिद्ध, श्रीमंत, स्वतःच्या शरीराची खडान्‌खडा माहिती असलेल्या स्त्रीला जर आपले म्हणणे पटवून देण्यासाठी झगडावे लागते, तर जिला दवाखान्याची भाषाच येत नाही तिची काय कथा?

अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीय वस्त्यांतून सुईणी काम करीत. जॉर्जिया राज्यातील मेरी कोली या सुईणीवर १९५३ साली सुईणींच्या प्रशिक्षणासाठी 'ऑल माय बेबीज' नावाचा चित्रपटही निघाला. पुढे इस्पितळे वाढली, नियम कडक झाले आणि या सुईणी मागे पडल्या. इस्पितळामुळे अनेक जीव वाचले हे खरे; परंतु मातेच्या उशाशी बसणारे ओळखीचे माणूस मात्र गेले. ते परत आणण्याची खटपट अलीकडे तेथील समाजच करीत आहे. बाळंतपणाच्या आधीपासून नंतरपर्यंत मातेला सोबत करणाऱ्या स्त्रिया तेथे तयार केल्या जातात. त्यांना 'डूला' म्हणतात. 'ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स' ही संस्था २०१८ सालापासून दरवर्षी ११ ते १७ एप्रिल हा कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह पाळते. या साऱ्याचे सार एकच आहे: दवाखाना हवा, आणि दवाखान्यात आपले माणूसही हवे.

आमच्या दवाखान्यातील एक प्रसंग

हे वाचल्यावर मला आपल्याकडील एक प्रसंग आठवला. आठवा महिना लागलेल्या एका सिद्दी बाईबरोबर मी एका दवाखान्यात गेले होते. गर्दी फार होती. "काय त्रास आहे?" असे तिला कन्नडमधून विचारण्यात आले. तिने मान खाली घालून "कांय ना" एवढेच सांगितले. गोळ्या मिळाल्या आणि आम्ही बाहेर आलो. झाडाखाली बसल्यावर ती मला म्हणाली, "बाय, दोन दिवस माझे डोके फुटून जाते आहे, आणि डोळ्यांपुढे अंधार येतो." मी विचारले, "मावशी, मग आत का नाही सांगितले?" ती म्हणाली, "त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. कोणाला सांगू?"

आम्ही परत आत गेलो. मी सिस्टरना तिचे म्हणणे कन्नडमध्ये सांगितले. तिचा रक्तदाब मोजायचा राहून गेला होता. तो मोजला तेव्हा बराच वाढलेला निघाला. त्याच दिवशी तिला मोठ्या इस्पितळात पाठविण्यात आले आणि पुढे माय-लेक सुखरूप घरी आली.

या प्रसंगात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. गर्दीत माणसे थकतात. परंतु गरोदरपणी रक्तदाब वाढल्याची लक्षणे प्रत्येक विद्यार्थिनीला ठाऊक असावीत असे मात्र तेव्हापासून वाटते. सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, पोटाच्या वरच्या भागी दुखणे ही ती लक्षणे होत. यांपैकी काही दिसले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रक्तस्राव, झटके, ताप व बाळाची हालचाल मंदावणे यांनाही हाच नियम लागू आहे.

वस्तीचा स्वतःचा आधार

सिद्दी वस्ती म्हणजे केवळ उणिवांची यादी, असा समज कोणी करून घेऊ नये. बाळंतिणीला सांभाळण्याची स्वतःची रीत या समाजाजवळ आहे. आजी, मावशी, जाऊ व शेजारीण पाळीपाळीने पाणी भरतात, मोठ्या मुलांना जेवू घालतात. पूर्वी सुईणही वस्तीतलीच असे.

या आधाराचे एक दृश्य रूप म्हणजे 'कवंदी'. आपण जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो, तिचीच ही बहीण. जुन्या लुगड्यांचे व कपड्यांचे तुकडे घेऊन सिद्दी बायका कडेपासून मध्याकडे टाके घालीत जातात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर कधी क्रूस, तर मुसलमान घरातल्या कवंदीवर कधी चंद्रकोर दिसते. तान्ह्या मुलासाठी लहान कवंदी शिवतात. २००४ साली या बायकांची एक सहकारी संस्था निघाली आणि त्यांच्या कवंद्या परदेशी प्रदर्शनांपर्यंत पोहोचल्या. जी वस्तू घरच्या बाळासाठी होती तीच घराला चार पैसे मिळवून देऊ लागली.

गुजरातेतील सिद्दी समाजाचेही एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. गीरच्या रानाजवळील जांबुर गावच्या हिराबाई लोबी या लहानपणी पोरक्या झाल्या. आजीने त्यांना वाढविले. त्यांनी बायकांना एकत्र करून बचत सुरू केली, सेंद्रिय खताचा व्यवसाय उभा केला आणि मुलांसाठी बालवाडी काढली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून कोणी येऊन उद्धार करण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, ही गोष्ट आपल्या तालुक्यातील स्त्रीशक्ती गटांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

सरकारी आधार: काय, कोठे, केव्हा

आता मातेला मिळू शकणाऱ्या साह्याचा विचार करू. गरोदरपण लक्षात येताच आशा कार्यकर्तीकडे किंवा अंगणवाडीत नाव नोंदवावे. तेथे 'तायी कार्ड' मिळते. पुढील साऱ्या गोष्टींची किल्ली हेच कार्ड होय. निदान चार तपासण्या व्हाव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी करण्याचा उपक्रम २०१६ सालापासून चालू आहे. ही तारीख वस्तीवरच्या प्रत्येक घरात पाठ असावी.

आहारासाठी अंगणवाडी आहे. देशात ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. कर्नाटकाने २ ऑक्टोबर २०१७ पासून 'मातृपूर्णा' योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत दुपारचे पूर्ण जेवण देण्यास आरंभ केला. कल्पना उत्तम आहे. मात्र रानातल्या वाटेने दिवस भरत आलेल्या बाईने जेवणासाठी रोज चालत जावे की नाही, हा प्रश्न आमच्या भागात खरा आहे. शेजारणीने डबा पोहोचविला तर तो सुटतो. याखेरीज सिद्दींसह काही आदिवासी जमातींच्या घरांना धान्य, डाळी, तेल, अंडी अशा पौष्टिक वस्तू देण्याची योजना राज्य सरकारने चालविलेली आहे.

बाळंतपणासाठी २००५ ची जननी सुरक्षा योजना व २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम या दोहोंतील भेद समजून घ्यावा. पहिलीत सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या अनुसूचित जमातीच्या ग्रामीण मातेला आपल्या राज्यात ७०० रुपये मिळतात. दुसऱ्याखाली बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि घरापासून दवाखान्यापर्यंत व परत घरापर्यंतचे वाहन हे सारे मोफत असते. परतीची गाडी मागता येते हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे. २०१७ सालापासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात.

हे सारे मिळविण्यासाठी लागतात ते कागद: आधार, रेशनकार्ड, बँकेचे खाते आणि जातीचा दाखला. एका कागदावर नाव माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर कन्नडमध्ये लिहिताना बदललेले, असा प्रकार वारंवार आढळतो आणि त्यापायी अर्ज परत येतात. म्हणून नावांची दुरुस्ती पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्यावी. बाळ झाल्यावर २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी. पुढे शाळा, शिष्यवृत्ती व जातीचा दाखला या साऱ्यांचा पाया तोच आहे.

जमिनीविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००६ च्या वनाधिकार कायद्यानुसार विवाहित जोडप्याला मिळणारा हक्क पती व पत्नी या दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. पायाखालची जमीन ज्या मातेच्या नावावर आहे तिला घरात व दारात निराळा मान मिळतो. तेव्हा हा विषय माता-बाल संगोपनाबाहेरचा आहे असे मुळीच समजू नये.

रक्तातील एक गोष्ट

आफ्रिकी वंशाच्या लोकांत, आणि भारतातील अनेक आदिवासी जमातींतही, 'सिकल सेल' नावाचा रक्तदोष आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व लहान रक्तवाहिन्यांत अडकतात. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. एकच वाहक असेल तर मुलाला आजार होत नाही; ते फार तर वाहक होते. वाहकपण हे मलेरियापासून काहीसे संरक्षण देते, म्हणूनच हा गुण मलेरियाच्या मुलखांत टिकून राहिला.

१ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तिच्यात कर्नाटकाचा समावेश आहे. गरोदर सिद्दी स्त्रीने ही तपासणी आवर्जून मागून घ्यावी. कारण प्रत्येक फिकेपणा लोहाच्या गोळ्यांनी बरा होणारा नसतो, आणि सिकल सेल असलेल्या मातेचे बाळंतपण मोठ्या इस्पितळातच व्हावयास हवे. यात आईचा काही अपराध नसतो. हा गुण आई व बाप दोघांकडूनही येतो. सुनेला बोल लावणाऱ्यांना हे शास्त्र समजावून सांगणे हे शिकलेल्यांचे कर्तव्य आहे.

आपण काय करावे?

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या या अंकात मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. आपण एक वाचतो, दुसरा चाळतो आणि अंक मिटून ठेवतो. परंतु या दोन भाषा एकाच डोक्यात असणे ही आपल्या तालुक्यातील केवढी मोठी साधनसंपत्ती आहे याचा आपण विचार केला आहे काय? सिद्दी बाईची बोली मराठी-कोंकणी जाणणाऱ्याला समजते. दवाखाना व कचेरी कन्नडमध्ये चालते. या दोहोंमधील पूल म्हणजे आपणच होय.

यासाठी माझ्या अल्पमतीप्रमाणे चार कामे सुचवीत आहे. पहिले, मे महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आशा कार्यकर्तीच्या मदतीने आपल्या गावालगतच्या वस्त्यांवरील गरोदर स्त्रियांची यादी करावी आणि जून ते सप्टेंबरात तारीख असलेल्यांचा मुक्काम वेळीच रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे हलविता येईल काय, हे घरच्यांशी बसून ठरवावे. दुसरे, महिन्याच्या ९ तारखेला एका विद्यार्थिनीने दुभाषी म्हणून दवाखान्यात बसावे. बाईच्या वतीने बोलण्यासाठी नव्हे, तर बाईचे बोलणे जसेच्या तसे पोहोचविण्यासाठी. तिचे जे खासगी आहे ते बाहेर कोठे बोलू नये हा नियम कटाक्षाने पाळावा. तिसरे, कागदपत्रांसाठी महिन्यातून एक दिवस ग्रामपंचायतीत बसावे. चौथे, घरातील पुरुषांशी बोलावे. बाळंतपण ही बायकांची गोष्ट म्हणून नवऱ्याला वगळले जाते. परंतु गाडी कोणाची, पैसे कोठून व मोठी मुले कोणाकडे हे तोच ठरवीत असतो. तपासणीच्या दिवशी तो बरोबर आला तर निम्मे काम होते.

प्राध्यापकवर्गालाही एक विनंती आहे. आपल्या वर्गांत सिद्दी मुले-मुली थोडी का होईना येतात. त्यांच्या केसांवरून व रंगावरून होणारी थट्टा आपण हसण्यावारी नेऊ नये. आज वर्गात जिची थट्टा होते, तीच उद्या दवाखान्यात मान खाली घालून "कांय ना" म्हणते. आणि आज जिला वर्गात मोकळेपणी बोलू दिले जाते, ती उद्या आपल्याच वस्तीवरील परिचारिका, शिक्षिका किंवा अंगणवाडी कार्यकर्ती होईल. मग दुभाष्याची गरजच उरणार नाही. आपले काम खऱ्या अर्थाने तेव्हाच पुरे झाले असे म्हणता येईल.

मलिक अंबराची व जंजिऱ्याची कथा आपण परीक्षेसाठी पाठ करतो, तीही करावीच. परंतु त्याच वंशाची एक स्त्री या पावसाळ्यात आपल्याच तालुक्यात दिवस मोजीत आहे. तिला दया नको आहे. तिचे ऐकणारे कोणी हवे आहे आणि बरोबर चालणारे कोणी हवे आहे. एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.